गर्डर किती पेलेल हे नंतर, आधी त्याच्यावर किती येणार ते मोजा

तुमचा प्रश्न एकदा थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. १९८८ चं दोन मजली लोड बेअरिंग (सगळं वजन भिंतींवर असलेलं) घर आहे, तळमजल्यावरची मधली ९ इंची भिंत काढून दुकानासाठी मोकळी जागा करायची आहे, ओपनिंग ४ मीटर, भिंतीच्या एका बाजूची खोली ३ मीटर रुंद आणि दुसरी ३.६ मीटर. फॅब्रिकेटर म्हणतोय आयएसएमबी २०० (म्हणजे आय आकाराचा, २०० मिमी उंच) चा एक गर्डर दोन्ही टोकांना भिंतीत ९ इंच घुसवून टाकू, असे खूप टाकलेत, कुठे काही झालं नाही. तुमचा मुख्य प्रश्न आहे की गर्डर किंवा कॉलम किती वजन पेलतो ते काढायचं कसं. आणि शेवटी असंही विचारलंय की पुढच्या पोर्चच्या आरसीसी बीमवर २००० लिटरची टाकी ठेवली तर चालेल का.

आधी उत्तर देतो, मग गणित. तो गर्डर टाकू नका. अगदी हात जोडून सांगतो, तो थोडा कमी पडतोय अशातला भाग नाही, लागणाऱ्या ताकदीचा तिसरा हिस्साही त्यात नाहीये. वर तुमची आई राहते असं लिहिलंय तुम्ही म्हणून आधीच स्पष्ट सांगितलं.

आता कसं काढायचं ते. "हा गर्डर किती टन पेलतो" या प्रश्नाला एक आकडा कधीच नसतो. तोच गर्डर २ मीटरवर एक आकडा देईल, ४ मीटरवर दुसरा, आणि उभा करून कॉलम म्हणून वापरला तर तिसराच. शिवाय तो मोडायचे रस्ते चार-पाच असतात, वाकून, टोकाला कातरून, आडवा कलंडून, खालचं विटकाम चिरडून, आणि न मोडता मध्ये नुसता इतका झोकणार, म्हणजे खाली लवणार, की वरची भिंत तडकेल असाही. या सगळ्यांत जो सगळ्यात कमी आकडा येतो ती खरी ताकद. पण त्याच्याही आधी वजन मोजायचं. मी पंचवीस वर्षं हेच काम करतोय आणि जितक्या चुका बघितल्या त्यातल्या निम्म्याहून जास्त वजन मोजण्यातल्या होत्या, ताकद मोजण्यातल्या नाही.

तर वजन मोजू. भारतात वजनांसाठी आयएस ८७५ हा कोड आहे, पहिल्या भागात बांधकामाच्या मटेरियलची वजनं आणि दुसऱ्यात माणसं, फर्निचर वगैरे लाइव्ह लोड. आरसीसी म्हणजे घनमीटरला २५ किलोन्यूटन, विटकाम साधारण २०. किलोन्यूटनचं टेन्शन घेऊ नका, १० किलोन्यूटन म्हणजे ढोबळमानाने एक टन.

तुमच्या मधल्या भिंतीवर दोन्ही खोल्यांचा अर्धा अर्धा स्लॅब येतो, म्हणजे १.५ अधिक १.८, ३.३ मीटर रुंदीचा पट्टा. स्लॅब ५ इंची, १२५ मिमी धरला तर ३.१, फरशी, तिच्याखालचा बेड आणि खालचं प्लास्टर मिळून १.२५, आणि राहत्या खोलीचा लाइव्ह लोड कोडप्रमाणे २. झाले जवळजवळ ६.४ किलोन्यूटन दर चौरस मीटर, त्याला ३.३ ने गुणलं की २१. वरच्या मजल्यावर त्याच लाइनीत ९ इंची भिंत असणार, २.९ मीटर उंच, दोन्हीकडचं प्लास्टर धरून १५. मग गच्ची. इथे लोक हमखास विसरतात ते म्हणजे ब्रिकबॅट कोबा, विटांच्या तुकड्यांचा थर. गच्चीवरचा जुना कोबा कुठे ४ इंच कुठे ६ इंच असतो, आणि गळती लागली म्हणून जुना न काढता त्याच्यावरच दुसरा थर घातलेलाही मी बघितलाय. तुमच्याकडे एकच थर आहे असं धरून २.२ घेतो, स्लॅब ३.१, खालचं प्लास्टर पाव, आणि जाण्यायेण्याची गच्ची म्हणून लाइव्ह लोड दीड. ७ च्या थोडं वर, गुणिले ३.३ म्हणजे साधारण २३. गर्डरचं स्वतःचं वजन अर्धा. सगळं मिळून ६० किलोन्यूटन दर मीटर.

म्हणजे भिंतीच्या प्रत्येक मीटरवर ६ टन. ४ मीटरच्या ओपनिंगवर, टोकांचा आधार धरून स्पॅन (दोन आधारांमधलं अंतर) ४.२ मीटर, एकूण २५ टन. दोन भरलेले ट्रक एकावर एक ठेवले तर होतील एवढं वजन आज ती भिंत गुपचूप जमिनीत उतरवतेय. (स्लॅब चारही बाजूंनी टेकलेला असेल तर यातलं थोडं आडव्या भिंतींवर जातं, मी ते सोडलंय, म्हणजे हिशोब जरा सुरक्षित बाजूला आहे. भिंतीत कमान तयार होऊन वजन बाजूला जातं हेही काही जण धरतात, पण ती सवलत वर नुसती भिंत असेल तेव्हा विचारात घ्यायची, इथे स्लॅब थेट गर्डरच्या डोक्यावर बसतोय म्हणून ती घ्यायची नाही.)

आता वाकणं. दोन्ही टोकांना नुसत्या टेकलेल्या बीमचा मधला मोमेंट (बीमला वाकवणारा जोर) म्हणजे दर मीटरचं वजन गुणिले स्पॅनचा वर्ग भागिले ८. ६० गुणिले १७.६४ भागिले ८, १३२ किलोन्यूटन मीटर. आयएस ८००:२००७ प्रमाणे वजनाला दीडपट करून घ्यायचं, कारण वजन मोजण्यात चूक होते, उद्या कोणी वर पुस्तकांचं कपाट नाही तर तांदळाची पोती ठेवतं. झाले १९८.

समोर गर्डरची ताकद. स्टील टेबलमध्ये प्रत्येक सेक्शनचा प्लास्टिक मॉड्युलस (आकारामुळे वाकण्याला किती ताकद मिळते तो आकडा) दिलेला असतो, त्याला लोखंडाच्या यील्ड स्ट्रेसने, साध्या ई २५० ग्रेडला चौरस मिमीला २५० न्यूटन, गुणायचं आणि १.१ ने भागायचं. आयएसएमबी २०० चा मॉड्युलस साधारण २५४ घनसेंटीमीटर, ताकद येते ५७.७ किलोन्यूटन मीटर. लागतात १९८, आहेत ५८. दीडपट वगैरे काही न धरता आजच्या आज येणाऱ्या वजनाचा स्ट्रेस काढला तरी ५९० च्या पुढे जातो, लोखंड २५० ला कायमचं वाकायला लागतं. म्हणजे कामापुरते लावलेले टेकू काढल्या दिवशीच प्रकार झाला असता.

पण तुमचा फॅब्रिकेटर खोटं बोलतोय असं मला वाटत नाही, आणि हा मुद्दा नीट समजून घ्या. त्याने याआधी जे गर्डर टाकले असतील ते बहुतेक सात फुटी दारावर, शटरच्या छोट्या गाळ्यावर. स्पॅन निम्मा केला की मोमेंट चौथाई होतो. २.१ मीटरवर हाच आयएसएमबी २०० दर मीटरला जवळपास ७० किलोन्यूटन घेतो, म्हणजे तुमचे ६० तिथे आरामात बसले असते. ४.२ मीटरवर तोच घेतो फक्त १७. त्याचा अनुभव खरा आहे पण तो दुसऱ्या स्पॅनचा आहे, आणि स्पॅन वर्गात मोजला जातो हे डोळ्यांना दिसत नाही. झोकाचं तर अजून वाईट, तेच वजन प्रत्येक मीटरवर ठेवून स्पॅन दुप्पट केला तर झोक सोळापट.

मग काय टाकायचं. दोन आयएसएमबी २५० शेजारी शेजारी घेतले तर ताकद २११, लागतात १९८, वाकण्यात पास. बरेच जण इथेच थांबतात. मी झोक काढतो. सूत्र पाच गुणिले वजन गुणिले स्पॅनचा चौथा घात, भागिले ३८४ ईआय (ई म्हणजे लोखंडाचा ताठपणा, आय म्हणजे आकारामुळे येणारा ताठपणा). दोन २५० मिळून १०२६३ सेंटीमीटर घात चार एवढा आय, झोक येतो ११.८ मिमी. तडकू शकणारं फिनिश असेल तिथे स्पॅन भागिले ३६० ही मर्यादा ठेवतात, इथे ती ११.७. म्हणजे काठावर नापास. आणि खरं सांगू का, तुमच्या बाबतीत मी ३६० ला पण समाधानी नसतो, कारण नव्या घरात बीम आधी झोकतो आणि भिंत नंतर चढते, इथे भिंत १९८८ लाच चढलीये, सगळा झोक तिला सोसायचाय. विटकामाला लवचिकपणा नसतो. दोन आयएसएमबी ३०० घेतले की झोक ७ मिमीवर येतो, स्पॅन भागिले ६०० च्या जवळ, आणि मोमेंटची ताकद २९६. माझं मत विचाराल तर दोन आयएसएमबी ३००. लोखंड मीटरला चौदा-पंधरा किलो जास्त जाईल, दोन गर्डरचा फरक साडेचार मीटरला साधारण ६५ किलो. घराच्या मानाने ते काहीच नाही.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. आयएसएमबी ३०० ची फ्लँज (वरखालची आडवी पट्टी) १४० मिमी रुंद, दोन मिळून २८०, आणि भिंत २३०, प्लास्टर धरून २६०. दोन्ही बाजूंना बोटभर बाहेर येणार. ते नंतर जाळी मारून प्लास्टरमध्ये किंवा फॉल्स सीलिंगच्या पट्टीत लपतं, पण आधी सांगितलं नाही तर साइटवर मिस्त्री फ्लँज कापायला गॅसकटर काढतो. फ्लँज कापायची नाही. गर्डरची वाकण्याची बहुतेक ताकद त्या वरखालच्या दोन पट्ट्यांमध्येच असते.

टोकाला कातरायचा प्रश्न इथे नाही, टोकाला दीडपट धरून १८९ किलोन्यूटन येतात आणि एकाच आयएसएमबी ३०० ची वेब (मधली उभी पट्टी) २९५ च्या आसपास घेते. आडवं कलंडण्याचं काय, तर दोन्ही गर्डर दर मीटरला स्पेसर घालून बोल्टने एकमेकांना जखडायचे आणि मधली पोकळी बारीक खडीच्या काँक्रीटने भरायची, वर स्लॅब घट्ट बसलेला असतो त्यामुळे वरची फ्लँज बाजूला सरकू शकत नाही. एकटा उंच गर्डर मोकळा सोडला तर मात्र हाच मुद्दा सगळ्यात आधी मारतो.

आता टोकांचा आधार, जिथे मला सगळ्यात जास्त काळजी वाटतेय. प्रत्येक टोकाला १२६ किलोन्यूटन, साडेबारा टन. फॅब्रिकेटर म्हणतो भिंतीत ९ इंच घुसवू. आयएसएमबी २०० ची फ्लँज १०० मिमी, गुणिले २३०, त्यावर १२६ किलोन्यूटन म्हणजे चौरस मिमीला ५.५ न्यूटन. विटकामाचा कोड आयएस १९०५, त्यात चौरस मिमीला ५ न्यूटन ताकदीच्या विटेला आणि बऱ्या मसाल्याला परवानगी अर्ध्या न्यूटनची. अकरा पट. विटा चुरा होणार. दोन आयएसएमबी ३०० आणि खाली काँक्रीटचा बेड ब्लॉक केला तरी २३० च्या भिंतीवर तो ब्लॉक एक मीटरहून लांब लागतो, आणि तेवढी भिंत बाजूला शिल्लक हवी. तुमच्याकडे एका बाजूला लगेच दार आहे म्हणताय. म्हणून इथे भिंतीवर टेकवायचंच नाही, दोन्हीकडे स्वतंत्र कॉलम आणि त्याखाली स्वतंत्र फूटिंग, म्हणजे पाया.

कॉलमचं गणित बीमपेक्षा वेगळं असतं, आणि इथे साधी समज दगा देते. शाळेतली प्लास्टिकची लांब फूटपट्टी टेबलावर उभी धरून वरून बोटाने दाबा. ती चिरडत नाही, तुटत नाही, बाजूला फुगते. त्याला बकलिंग म्हणतात आणि त्याचं सूत्र ऑयलरने अठराव्या शतकातच काढून ठेवलंय. फुगायची सुरुवात कुठल्या वजनाला होते हे लोखंड किती मजबूत यापेक्षा कॉलम किती उंच आणि कमजोर दिशेने किती जाड यावर ठरतं. उंचीला कॉलमच्या कमजोर दिशेच्या त्रिज्येने, म्हणजे आर ने (लोखंड मध्यापासून किती लांब पसरलंय याचं माप), भागलं की जो आकडा येतो त्याला स्लेंडरनेस म्हणतात. तो वाढला की ताकद झपाट्याने पडते.

उदाहरण तुमचंच घेऊ, कॉलम ३ मीटर उंच. एक आयएसएमसी १५० चॅनेल (सी आकाराचा, १५० मिमीचा) उभा केला, त्याची कमजोर दिशेची त्रिज्या २.२१ सेंटीमीटर, स्लेंडरनेस १३६. कोडच्या तक्त्यातून स्ट्रेस मिळतो ७० च्या आत, ताकद १४५ किलोन्यूटन. लागतात १८९, नापास, तेही वजन बरोबर मध्यावर आलं असं धरून, जे एकट्या चॅनेलवर कधीच येत नाही. आता तेच दोन चॅनेल तोंडाला तोंड लावून वेल्ड करून १५० बाय १५० ची पेटी केली. त्रिज्या ५.७ सेंटीमीटर, स्लेंडरनेस ५२, स्ट्रेस १७९, ताकद ७४९ किलोन्यूटन. लोखंड दुप्पट, ताकद पाचपट. तेच लोखंड मध्यापासून लांब नेलं एवढंच केलं आपण. म्हणून एकट्या चॅनेलचा, एकट्या अँगलचा कॉलम दिसला की माझं लक्ष तिकडेच जातं.

याच चुकीची मोठी गोष्ट म्हणजे कॅनडातला क्यूबेक ब्रिज. २९ ऑगस्ट १९०७ ला बांधकाम चालू असतानाच तो नदीत कोसळला, ७५ कामगार गेले. मधला स्पॅन १६०० फुटांचा ठरला होता तो १८०० केला, पण वाढलेल्या स्पॅनमुळे पुलाचं स्वतःचं वजन किती वाढलं ते वेळेत नव्याने मोजलं नाही, आणि दाब घेणारे खालचे मेंबर (लोखंडी भाग) फुगून गेले. कोसळायच्या आधी काही दिवस ते मेंबर वाकलेले साइटवरच्या लोकांना दिसले होते, मोजलेही होते. वजन कमी मोजलं आणि बकलिंग, तुमच्या दुकानातही हीच दोन दुखणी आहेत, फक्त आकार लहान.

कॉलमखाली काय ते बघा आता. आज तुमची भिंत ४ मीटर लांबीच्या पायावर वजन पसरून उतरवतेय. भिंत काढली म्हणून वजन गेलं नाही, ते दोन ठिकाणी गोळा झालं. प्रत्येक फूटिंगला कॉलमसकट, जरा वाढवून धरून, १४० किलोन्यूटन. मुरूम असेल आणि चौरस मीटरला १५० किलोन्यूटनची क्षमता धरली तर फूटिंगचं वजन मिळवून एक मीटर बाय एक मीटरहून जराशी मोठी फूटिंग लागते. काळी माती असेल तर हा हिशोब मोडीत, खाली मुरूम किंवा खडक लागेपर्यंत जायचं, कारण काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. आणि फूटिंगसाठी खड्डा घेताना शेजारच्या जुन्या पायाच्या तळाखाली जाऊ नका, गेलात तर ज्या भिंती तुम्ही ठेवताय त्याच खचतील.

ताकदीचं गणित पास असूनही घर तडकतं, याचा एक अनुभव सांगतो. तालुक्याच्या गावातलं एक कापडाचं दुकान, नाव कशाला घेऊ. ३.६ मीटरचं ओपनिंग, वजन दर मीटरला ४० च्या आसपास, आयएसएमबी २५० टाकलेला. काम माझं नव्हतं, मला बोलावलं ते चार महिन्यांनी, का तर वरच्या मजल्यावरच्या बेडरूमचं दार खाली घासायला लागलं होतं. मालकांनी सुताराला बोलावून दोनदा रंधा मारून घेतला होता, तिसऱ्यांदा घासलं तेव्हा वहिनींनी हट्ट धरला की इंजिनिअरला दाखवा. दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यापासून छताकडे तिरकी भेग गेलेली, पाच रुपयांचं नाणं आडवं आत जात होतं. मी खाली येऊन गर्डरच्या दोन टोकांना धागा ताणला आणि मध्ये पट्टी लावून मोजलं तर गर्डरचा स्वतःचा झोक ८ मिमी. गणितात साडेआठ येत होता, म्हणजे गर्डर अगदी सांगितल्यासारखा वागत होता. पण वरचा स्लॅब त्याच लाइनीत २० मिमी बसलेला. मधले १२ मिमी कुठे गेले? गर्डर आणि स्लॅबच्या मधली फट विटेच्या तुकड्यांनी आणि ओल्या मसाल्याने भरलेली होती. मसाला वाळून आकसला, तुकडे चिरडले, आणि स्लॅब खाली आला. प्लास्टर खरवडलं तर पेन्सिल आत जात होती. शेवटी परत टेकू लावून, हायड्रॉलिक जॅकने हळूहळू भार घेऊन, स्टीलच्या पाचरी आणि न आकसणारा ग्राउट (पातळ सिमेंटचा मसाला) भरला. दार परत बसवावं लागलं कारण रंधा मारून ते आखूड झालं होतं.

म्हणून तुमच्याकडे गर्डर चढवताना हे नक्की करून घ्या. आधी वरच्या आणि खालच्या दोन्ही मजल्यांवर, भिंतीच्या दोन्ही बाजूंना, स्लॅबला स्टीलचे प्रॉप लावायचे, बांबू-बल्ली नको. वरच्या भिंतीसाठी भिंतीतून आडव्या सुया (आरपार जाणारे मजबूत तुकडे) घालून त्यांना टेकू द्यायचे. भिंत एकदम पाडायची नाही, आधी एका बाजूने खाच घेऊन पहिला गर्डर बसवायचा, पॅकिंग करायचं (वरची फट भरायची), मग दुसऱ्या बाजूने दुसरा. ग्राउट पूर्ण कडक होईपर्यंत खालच्या विटेला हात लावायचा नाही, घाई करणाऱ्या ठेकेदाराला तिथे तुम्ही स्वतः उभं राहून थांबवा.

लोखंड घेताना पण बघा. २५० यील्ड हे गणित चांगल्या, आयएस २०६२ (स्टीलचा कोड) च्या मालाला लागू आहे. भंगारातून आलेला, जहाजाचा, किंवा रीरोलिंगचा हलका गर्डर रंगवून आणला तर वरचे सगळे आकडे गेले. सोपी कसोटी म्हणजे वजनकाटा. आयएसएमबी ३०० मीटरला ४४ ते ४६ किलो भरतो, तक्त्याच्या आवृत्तीप्रमाणे थोडा फरक येतो, म्हणजे ६ मीटरचा तुकडा २६५ च्या आसपास हवा. २३० भरला तर तो माल परत पाठवा, वाद घालत बसू नका.

आता तुमची टाकी. पोर्चचा बीम तुम्ही मोजलाय ९ इंच बाय १८ इंच, स्पॅन ३.५ मीटर. आरसीसी बीममध्ये अडचण अशी की बाहेरून दिसणारा आकार अर्धीच गोष्ट सांगतो. खालच्या सळ्या किती आहेत यावर ताकद ठरते. आयएस ४५६ (आरसीसीचा कोड) च्या पद्धतीने मी तीन शक्यता काढून बघितल्या, काँक्रीट त्या काळचं एम १५ ग्रेडचं धरून. खाली १६ मिमीच्या तीन सळ्या असतील तर ताकद ७३ किलोन्यूटन मीटर. त्याच सळ्या गंजून १४ च्या उरल्या असतील तर ५९. आणि मुळात १२ च्याच तीन घातल्या असतील तर ४५. आता मागणी बघा. पोर्चचा स्लॅब, पॅरापेट, बीमचं स्वतःचं वजन मिळून दर मीटरला साधारण १४ धरले (पोर्चची रुंदी मी ८ फूट समजलोय, वेगळी असेल तर सांगा), आणि २००० लिटरची भरलेली टाकी म्हणजे २ टन बीमच्या मध्यावर. दीडपट करून एकूण ५८. एका शक्यतेत आरामात पास, दुसरीत अगदी काठावर, तिसरीत नापास, आणि तिन्ही बीम बाहेरून अगदी सारखे दिसतात.

गंमत बघा, काँक्रीट एम १५ ऐवजी एम २० धरलं तर ७३ चे ७७ होतात, बस. लोक काँक्रीटच्या ग्रेडवर भांडत बसतात पण अशा बीममध्ये वाकण्याची ताकद सळईची असते, आणि सळई कव्हर (तिच्यावरचा काँक्रीटचा थर) फुटल्यावर गंजते. तुमच्या बीमच्या खालच्या बाजूला लांबीच्या दिशेने भेग आहे का ते आज बघा. असेल तर ती सळई गंजून फुगल्याची खूण आहे आणि मग टाकी विसरा, आधी तो बीम दुरुस्त करा. भेग नसेल तर कव्हर मीटरने सळ्यांची जागा शोधून एका ठिकाणी थोडं कव्हर काढून व्यास मोजून घेता येतो, टोकाजवळच्या रिंगांचं अंतर पण त्याच वेळी बघून घ्या कारण शिअर, म्हणजे कातरणारा जोर, तिथे लागतो. हे सगळं करायचं नसेल तर त्याहून सोपा मार्ग आहे, टाकी पोर्चवर नकोच, नव्या गर्डरच्या बरोबर वर गच्चीवर भिंतीच्या लाइनीत ठेवा. तिथे २ टन मध्यावर धरले तरी मोमेंट दीडपटीने ३१ वाढतो, १९८ अधिक ३१, २३० च्या आत, आणि दोन आयएसएमबी ३०० ची ताकद २९६ आहे. बसतंय. फूटिंग मात्र तेवढ्या हिशोबाने वाढवा.

शेवटची पण हलकी न घ्यायची गोष्ट, भूकंप. मी वर जे काढलं ते सगळं उभं वजन. भिंत आडवा धक्काही घेते, आणि तळमजल्यावरची भिंत काढली की वरचा मजला ताठ आणि खालचा मोकळा असं होतं. २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपात अहमदाबादमध्ये, केंद्रापासून दोनशेहून जास्त किलोमीटर लांब, खाली पार्किंगसाठी मोकळा मजला असलेल्या कितीतरी इमारती तशाच बसल्या. तुमच्या घरात त्याच दिशेने बाकीच्या भिंती किती उरतात हे बघणं गरजेचं आहे, फार कमी उरत असतील तर नुसते दोन कॉलम आणि गर्डर पुरणार नाहीत, वर-खाली जोडून पूर्ण फ्रेम करावी लागेल. हे मी फोटो बघून सांगू शकत नाही, जागेवर येऊन प्लॅन काढणारा लायसन्सधारक स्ट्रक्चरल इंजिनिअर लागेल, आणि नगरपालिकेच्या परवानगीला त्याची सही तशीही लागतेच. मी दिलेले आकडे त्याच्यासमोर ठेवा, तो स्लॅबची जाडी, कोब्याची जाडी मोजून ते दुरुस्त करेल.

काम झाल्यावर एक मोजणी स्वतः करा. टेकू काढायच्या आधी गर्डरच्या खाली दोन टोकांना धागा ताणून मध्याचं अंतर लिहून ठेवा. टेकू एकदम नाही, दिवसभरात थोडे थोडे सैल करत काढायचे, मधल्यापासून सुरुवात करून टोकाकडे. त्या वेळी लाइव्ह लोड जवळजवळ नसतो, ६० पैकी ४८ च असतात, त्यामुळे झोक साडेपाच ते सहा मिमी आला पाहिजे. आठवड्याने परत मोजा. सहा-सातवर थांबला असेल तर प्लास्टर करायला हरकत नाही, दहाच्या वर गेला किंवा आठवड्यात वाढत राहिला तर टेकू परत लावा आणि पॅकिंग उघडून बघा.